'लेग' स्पॅनिशमध्ये नेताना: पाय कुणाचा, हे आधी विचारा

इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर करताना 'लेग' समोर आला की शिकणारे बहुतेक वेळा डोळे मिटून 'प्येर्ना' लिहितात. माणसाचा पाय असेल तर ते बरोबर आहे. टेबलाचा, मुंगीचा, प्रवासाचा किंवा वाक्प्रचारातला पाय असेल तर मात्र हमखास चुकतं. मराठी माणसाची इथे आणखी एक अडचण आहे. आपला 'पाय' मांडीपासून बोटांपर्यंत सगळीकडे चालतो. 'पाय दुखतोय' म्हटलं की नेमका कुठे, हे पुढच्या वाक्यात कळतं. इंग्रजीत त्याचे लेग आणि फूट असे दोन वाटे होतात, तर स्पॅनिशमध्ये तीन शब्द आहेत आणि त्यांची वाटणी वेगळ्याच तत्त्वावर झाली आहे. इंग्रजी वाक्य मनात मराठीत फिरवून मग स्पॅनिश शब्द शोधला, तर मधल्या मुक्कामावर नेमकी हवी ती माहिती गळून पडते.

ते तीन शब्द म्हणजे प्येर्ना, प्ये आणि पाता. प्येर्ना म्हणजे माणसाचा मांडीपासून खालचा पाय, प्ये म्हणजे घोट्याखालचं पाऊल आणि पाता म्हणजे प्राण्याचा किंवा फर्निचरचा पाय. प्येर्ना आणि पाता स्त्रीलिंगी, प्ये पुल्लिंगी. म्हणून 'ला प्येर्ना', 'ला पाता', पण 'एल प्ये'. उच्चारात मराठी माणूस फायद्यात आहे. स्पॅनिशमधला 'त' आपल्या 'त'सारखाच दंत्य आहे, त्यामुळे 'पाता' जसा लिहिला तसा म्हणायचा, इंग्रजी वळणाचा 'पाटा' नको. 'प्ये' एकाच झटक्यात म्हणायचा, 'पि-ए' असे दोन तुकडे करायचे नाहीत. (खाली जिथे 'ख' आहे तिथे तो घशातून घासत येणारा आवाज समजावा. 'स'च्या काही जागी स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांत धरून उच्चार करतात. इथे लॅटिन अमेरिकेतला साधा 'स' वापरला आहे.)

प्येर्ना आणि पाता यांच्यातली रेघ माणूस आणि बाकी सगळं यांच्यामधली आहे. कुत्रा, घोडा, कोंबडी, कोळी, खुर्ची, तिपाई या सगळ्यांना पाता. कोळ्याचे आठ पाय म्हणजे 'ओचो पातास'. तिथे प्येर्नास लिहिलं तर वाचणाऱ्याला माणसासारखे पाय असलेला कोळी दिसू लागतो. व्यंगचित्राला ते चालेल, जीवशास्त्राच्या पाठाला नाही. घोड्याच्या बाबतीत एक बारकावा आहे: जाणकार लोक त्याच्या पुढच्या पायांना 'मानोस' म्हणजे हात म्हणतात. घोडेस्वारीवरचा मजकूर हाती असेल तर 'पुढचा पाय' असा शब्दशः उतरवण्याआधी हे लक्षात असू द्या.

माणसाच्या पायाला पाता म्हटलं तर? म्हणतात, पण तेव्हा सूर बदलतो. 'टेबलावरचे पाय काढ' आणि 'टेबलावरच्या तंगड्या काढ' यांत जो फरक आहे, तोच प्ये आणि पाता यांत. 'किता लास पातास दे ला मेसा' असं आई मुलाला रागावून म्हणेल, डॉक्टर रुग्णाला म्हणणार नाही. मराठी माणसाने 'पाता म्हणजे माणसाची तंगडी' एवढं मनात पक्कं केलं की अर्ध्याहून जास्त वाक्प्रचारांचा सूर आपोआप सापडतो.

वैद्यकीय मजकुरात रेघ आणखी बारीक होते. रोजच्या बोलण्यात प्येर्ना म्हणजे अख्खा पाय. शरीरशास्त्रात मात्र प्येर्ना म्हणजे फक्त गुडघा ते घोटा. इंग्रजी वैद्यकातही 'लेग'चं असंच होतं, पण ते अनेकांच्या लक्षात येत नाही. अहवालात संपूर्ण पाय अभिप्रेत असेल तर 'म्येम्ब्रो इन्फेर्योर' किंवा 'एक्स्त्रेमिदाद इन्फेर्योर' लिहावं. मांडीला मुस्लो, गुडघ्याला रोदिया, पोटरीला पान्तोर्रिया, नडगीला एस्पिनिया आणि घोट्याला तोबियो. प्लास्टरमधला पाय स्पेनमध्ये 'एस्कायोलादा' असतो, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'एन्येसादा'. फेंगडे पाय आणि गुडघे एकमेकांना घासणारे पाय यांतही गोंधळ होतो: 'पातिसांबो' म्हणजे ज्याचे गुडघे जवळ आणि पावलं लांब असा माणूस, फेंगडा नव्हे. फेंगड्यासाठी 'प्येर्नास आर्केआदास' म्हणजे कमानदार पाय म्हणावं, त्यात चुकायला जागा नाही.

आता वस्तू. सुटे, मोजता येतील असे पाय असतील तर पातास; खाली एकच बूड किंवा स्तंभ असेल तर प्ये. म्हणून टेबलाला पातास, पण जमिनीवर उभ्या दिव्याला 'लांपारा दे प्ये' आणि दांडी असलेल्या पेल्याच्या बैठकीलाही प्ये. टेबल डुगडुगत असेल तर स्पॅनिशमध्ये ते लंगडतं: 'ला मेसा कोखेआ'. इंग्रजीतल्या 'वॉबल'ला शब्दकोशात पाच-सहा पर्याय सापडतात, पण फर्निचरच्या बाबतीत हा एकच शब्द कानाला खरा वाटतो. विजारीचा पाय म्हणजे 'पेर्नेरा'. लॅटिन अमेरिकेत नुसतं प्येर्नाही चालतं. 'एन्त्रेप्येर्ना' म्हणजे दोन पायांमधली जागा, आणि कपड्यांच्या मापात पायाची आतली लांबी याच शब्दाने सांगतात. चष्म्याच्या काडीला इंग्रजी हात म्हणतं, स्पॅनिश 'पातिया' म्हणजे छोटा पाय म्हणतं. पातिया म्हणजे कल्लेसुद्धा, त्यामुळे चेहऱ्याच्या वर्णनात संदर्भ पाहूनच अर्थ लावावा. पेला हलवल्यावर काचेवरून ओघळणाऱ्या वाइनच्या रेघांना इंग्रजीत 'लेग्ज' म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्या 'लाग्रिमास' म्हणजे अश्रू होतात.

पाककृतींचं भाषांतर करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं, कारण या भागात खरंखुरं नुकसान होतं. कोंबडीच्या पायाचे दोन तुकडे: वरचा मांडीचा आणि खालचा नळीचा. स्पेनमध्ये खालच्या तुकड्याला मुस्लो म्हणतात आणि वरच्याला कोन्त्रामुस्लो. मेक्सिकोत वरचा तुकडा मुस्लो आणि खालचा प्येर्ना. म्हणजे एकच शब्द दोन देशांत दोन वेगळे तुकडे दाखवतो, आणि त्या तुकड्यांना शिजायला लागणारा वेळही सारखा नसतो. अर्जेंटिनात खालच्याला पाता म्हणतात, आणि दोन्ही जोडून विकले की 'पाता-मुस्लो'. मजकूर कोणत्या देशासाठी आहे हे ग्राहकाला विचारल्याशिवाय हा शब्द लिहूच नये. उत्तर मिळालंच नाही तर पहिल्या उल्लेखाला 'हाडासकट खालचा भाग' असं वर्णन जोडावं. कोकराचा पाय मात्र निर्धास्तपणे 'प्येर्ना दे कोर्देरो' आणि बेडकाचे पाय 'आंकास दे राना'. या दोन्ही ठिकाणी पाता येत नाही, म्हणजे 'प्राणी असेल तर पाता' हा नियम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबतो.

प्रवासाचा, शर्यतीचा, सामन्याचा 'लेग' हा मुळात पायच नाही, टप्पा आहे. मोठ्या प्रवासाचा टप्पा 'एतापा'. विमान किंवा रेल्वेच्या तिकिटावरचा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचा भाग 'त्रामो'. फुटबॉलमध्ये दोन सामन्यांच्या लढतीतला पहिला 'पार्तिदो दे ईदा' म्हणजे जाण्याचा सामना आणि दुसरा 'पार्तिदो दे वुएल्ता' म्हणजे परतीचा. बातमीत नुसतं 'ला ईदा', 'ला वुएल्ता' पुरतं, आणि दोन्ही मिळून झालेला एकूण गोलांचा निकाल 'एल ग्लोबाल'. इथे 'प्रिमेरा प्येर्ना' लिहिलेलं भाषांतर कोणताही फुटबॉलप्रेमी पहिल्या ओळीतच ओळखतो. भूमितीत काटकोन त्रिकोणाच्या काटकोन करणाऱ्या दोन बाजूंना इंग्रजी 'लेग्ज' म्हणतं. स्पॅनिशमध्ये त्या 'कातेतोस', कर्ण 'इपोतेनूसा'. क्रिकेटमधल्या लेग साइड, लेग स्पिनबद्दल माझा सल्ला असा की इंग्रजी शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात समजावून सांगावा. स्पॅनिश वाचकाला प्येर्ना लिहून काहीही कळणार नाही.

शब्द बरोबर निवडूनही वाक्य परकं वाटतं ते व्याकरणामुळे. इंग्रजीत अवयवाआधी 'माय', 'हिज', 'देअर' लावावं लागतं. स्पॅनिशमध्ये तिथे नुसतं उपपद (एल, ला) येतं, आणि पाय कुणाचा हे क्रियापदाला चिकटलेलं सर्वनाम सांगतं. 'माझा पाय मोडला' म्हणजे 'मे रोम्पी ला प्येर्ना', शब्दशः 'मी मला मोडला पाय'. 'मि प्येर्ना' लिहिणं व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. सर्वनाम बदलताना जपा: 'से रोम्पियो ला प्येर्ना' म्हणजे त्याने स्वतःचा मोडून घेतला, 'ले रोम्पियो ला प्येर्ना' म्हणजे त्याने दुसऱ्याचा मोडला. अपघाताच्या दाव्याचं भाषांतर असेल तर या एका अक्षरावर पुढचं सगळं अवलंबून असतं. 'तिचे पाय लांब आहेत' हेही 'तिएने लास प्येर्नास लार्गास', उपपदासह.

दुखण्याचं वाक्य मराठी माणसाला सोपं जायला हवं. 'मे दुएले ला प्येर्ना' यात पाय कर्ता आहे आणि दुखणं 'मला' होतं; 'मला आवडतं'ची ठेवण अशीच आहे. दोन्ही पाय दुखत असतील तर क्रियापदही अनेकवचनी: 'मे दुएलेन लास प्येर्नास'. आणखी एका ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा जवळची ठरते. 'सगळ्यांनी उजवा पाय उचलला' या वाक्यात माणसं अनेक असली तरी आपण पाय एकवचनातच ठेवतो. स्पॅनिशही तेच करतं: 'लेवान्तारोन ला प्येर्ना देरेचा'. इंग्रजी मात्र तिथे अनेकवचन घालतं, आणि इंग्रजीवरून उतरवणारा उगाच 'लास प्येर्नास' लिहून बसतो. तसं लिहिलं की प्रत्येकाने दोन्ही पाय उचलले असा अर्थ निघू शकतो.

मुंग्यांचं उदाहरण तर फारच देखणं आहे. पाय बधिर होऊन टोचू लागला की इंग्रजीत टाचण्या आणि सुया येतात. मराठीत पायाला मुंग्या येतात. स्पॅनिशमध्येही मुंग्याच: 'ओर्मिगा' म्हणजे मुंगी आणि 'ओर्मिगेओ' म्हणजे ती मुंग्या आल्याची जाणीव. पाय 'झोपला' असंही म्हणतात: लॅटिन अमेरिकेत 'से मे दुर्मियो ला प्येर्ना', स्पेनमध्ये 'से मे आ दोर्मिदो ला प्येर्ना'. अशा जागी इंग्रजीला मधे न घेता मराठीवरून थेट स्पॅनिशकडे जावं. वाट तीच जवळची.

आता वाक्प्रचार. इथे पहिलं काम म्हणजे पाय विसरणं. इंग्रजी वाक्प्रचारात पाय आहे म्हणून स्पॅनिशमध्ये पाय असेलच असं नाही. तिथे केस असतात, डोळा असतो, कोपरही असतं.

'पुलिंग समवन्स लेग' घ्या. इंग्रजीत ही निरुपद्रवी थट्टा. मराठी माणूस इथे दुहेरी फसतो, कारण आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. स्पॅनिशमध्ये केस धरतात: 'तोमार एल पेलो'. 'मे एस्तास तोमान्दो एल पेलो' म्हणजे 'चेष्टा करतोस ना माझी!' पण या वाक्प्रचाराला धारही आहे. दुकानदाराने दुप्पट बिल लावलं आणि गिऱ्हाईक म्हणालं, 'नोस एस्तान तोमान्दो एल पेलो', तर तिथे थट्टा उरत नाही. 'आम्हाला मूर्ख समजतात काय' असा तो संताप असतो. सूर कोणता हे आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवायचं. तोमार एल पेलो सगळीकडे समजतं, म्हणून खात्री नसेल तेव्हा हाच घ्यावा. स्थानिक रंग हवा असेल तर स्पेनमध्ये 'वासिलार', अर्जेंटिनात 'कार्गार', कोलंबिया आणि व्हेनेझुएलात 'मामार गायो'. शेवटचा अगदी घरगुती आहे, औपचारिक मजकुरात नको. 'पुल द अदर वन' म्हणजे 'दुसऱ्या कुणाला तरी सांग जा', त्यासाठी स्पॅनिशमध्ये पक्का जोडीदार आहे: 'आ ओत्रो पेर्रो कोन एसे उएसो', ते हाड दुसऱ्या कुत्र्याला घाल.

रंगमंचावर जाणाऱ्या नटाला इंग्रजीत शुभेच्छा म्हणून 'ब्रेक अ लेग' म्हणतात. स्पॅनिश नाट्यवर्तुळात 'मूचा म्येर्दा' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'भरपूर विष्ठा'. नाटकाला गर्दी झाली की घोडागाड्यांमुळे बाहेर लीद साचायची, त्यावरून हे आलं असं सांगतात. नाटक-नृत्याच्या मंडळींत हा शब्द आपुलकीचा आहे. शाळेच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत, परीक्षेला निघालेल्या मुलाला किंवा मुलाखतीच्या शुभेच्छापत्रात मात्र तो शिवीच वाटेल. तिथे 'मूचा सुएर्ते' पुरेसं आहे. 'रोम्पेते ऊना प्येर्ना' असं शब्दशः रूपांतर अधूनमधून दिसतं. ज्याला मूळ इंग्रजी ठाऊक नाही त्याला तो शाप वाटतो.

'कॉस्ट अॅन आर्म अँड अ लेग' इथे हात आणि पाय दोन्ही जातात आणि डोळा येतो: 'कोस्तार उन ओखो दे ला कारा', चेहऱ्यावरचा एक डोळा मोजावा लागणं. मूत्रपिंडही चालतं: 'कोस्तार उन रिन्योन'. मराठीत किंमत ऐकून डोळे पांढरे होतात, तेव्हा डोळ्याशी नातं जुळतंच. किंमत कुणाला पडली ते सर्वनामाने सांगावं: 'मे कोस्तो उन ओखो दे ला कारा'. बातमीसारख्या कोरड्या मजकुरात 'कोस्तार उन दिनेराल' हा साधा पर्याय बरा. 'कोस्तार उन उएवो' कानावर पडेल, पण त्यातलं अंडं म्हणजे वृषण. मित्रांमध्ये ठीक, कार्यालयात नाही.

'शेक अ लेग' हा भारतीय वाचकासाठी खास सापळा आहे. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत त्याचा अर्थ नाचणं. ब्रिटन-अमेरिकेत आज तो मुख्यतः 'आटप, चल ऊठ' या अर्थाने येतो. आधी मजकूर कुठला ते पाहा. घाई करायला सांगत असतील तर स्पेनमध्ये 'दाते प्रिसा', लॅटिन अमेरिकेत 'आपूराते'. नाचायला सांगत असतील तर 'मोवेर एल एस्केलेतो', सांगाडा हलवणं, आणि त्यात मूळ वाक्प्रचाराचा खेळकरपणाही टिकतो.

एका शब्दाच्या चुकीने माणूस मारायचा असेल तर 'स्ट्रेच वन्स लेग्ज' पुरेसं आहे. लांब बसून झाल्यावर पाय मोकळे करणं म्हणजे 'एस्तिरार लास प्येर्नास'. इथे इंग्रजी, मराठी, स्पॅनिश तिन्ही जुळतात. पण 'एस्तिरार ला पाता', एकवचनी आणि तंगडीसह, म्हणजे मरणं, तेही आदराने नव्हे. मराठीतल्या 'गचकला'चा तो सूर आहे. शोकसंदेशात हा वाक्प्रचार येऊ द्यायचा नाही, आणि उलट दिशेने भाषांतर करताना त्याचं 'निधन झालं' करून टाकायचं नाही.

वाद हरलेल्या माणसाला उभं राहायला पाय नसतो असं इंग्रजी म्हणतं. या प्रतिमेला स्पॅनिशमध्ये सरळ जोडीदार नाही, म्हणून युक्तिवादालाच कर्ता करावं: 'एसे आर्गुमेन्तो नो से सोस्तिएने', तो युक्तिवाद टिकत नाही. कायदेशीर मजकुरात 'कारेसे दे फुन्दामेन्तो'. इथे घाईत 'सिन प्येस नि काबेसा' वापरू नका. पाय ना डोकं अशा त्या वाक्प्रचाराचा अर्थ आपल्या 'शेंडा ना बुडखा'सारखा, म्हणजे विस्कळीत, असंबद्ध. कमकुवत युक्तिवाद आणि असंबद्ध बडबड या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

शेवटच्या घटका मोजणाऱ्या यंत्रासाठी किंवा माणसासाठी 'ऑन इट्स लास्ट लेग्ज' येतं. स्पॅनिशमध्ये 'एस्तार एन लास उल्तिमास'. हे रूप गोठलेलं आहे. गाडी असो, कारखाना असो, आजोबा असोत, 'लास उल्तिमास' स्त्रीलिंगी अनेकवचनच राहतं, विषयाप्रमाणे बदलत नाही. खिसा रिकामा होत आला असेल तरीही तेच म्हणतात, म्हणून वाक्यात काय संपत आलंय ते स्पष्ट असावं.

पळून जाण्यासाठी स्पॅनिश श्रीमंत आहे. 'लेग इट'साठी स्पेनमध्ये 'सालिर पोर प्येर्नास' किंवा 'सालिर पोर पातास'. जुन्या वळणाचा, कथेत शोभणारा 'पोनेर प्येस एन पोल्वोरोसा', धुळीच्या वाटेवर पाऊल ठेवणं. आणि मेक्सिकोतला 'पातितास, पा के लास क्येरो', तंगड्यांनो, तुम्ही आहात तरी कशाला! पहिल्याला 'धूम ठोकली', दुसऱ्याला 'पोबारा केला' म्हटलं की सुराचा अंदाज येतो. हरून परतणाऱ्याचं शेपूट मात्र तिन्ही भाषांत सारखंच खाली जातं: 'कोन एल राबो एन्त्रे लास प्येर्नास', लॅटिन अमेरिकेत राबोच्या जागी कोला. मराठी 'शेपूट घालून' इथे अचूक बसतं.

बडबड्या माणसाबद्दल ब्रिटिश इंग्रजी म्हणतं की तो बोलून बोलून गाढवाचे मागचे पाय गळायला लावील. स्पॅनिशमध्ये गाढव जातं, पाय जातात, आणि माणूस कोपरांतून बोलतो: 'आब्लार पोर लोस कोदोस'. वर चढायला मदत म्हणून दिलेला 'लेग अप' हाताकडे जातो: 'एचार ऊना मानो'. दुसऱ्यापेक्षा पुढे असणं या अर्थाचा 'लेग अप' म्हणजे 'येवार वेन्ताखा'. बराच काळ चालत राहणाऱ्या बातमीला इंग्रजीत पाय असतात, स्पॅनिशमध्ये पल्ला असतो: 'तेनेर रेकोर्रिदो'.

उलटंही घडतं: इंग्रजीत पाऊल, स्पॅनिशमध्ये तंगडी. नको तिथे नको ते बोलून बसणं म्हणजे इंग्रजीत 'पुट वन्स फूट इन इट', स्पॅनिशमध्ये 'मेतेर ला पाता'. असं वारंवार करणाऱ्याला 'मेतेपातास' म्हणतात. 'माला पाता' म्हणजे फुटकं नशीब, 'पातास आर्रीबा' म्हणजे सगळं उलथंपालथं. एका पायावर उड्या मारणंही स्पेनमध्ये 'आ ला पाता कोखा', पाय माणसाचा असला तरी. मांजराचं प्रकरण त्याहून गमतीचं आहे. नसलेली गुंतागुंत शोधणं म्हणजे 'बुस्कार्ले त्रेस प्येस आल गातो', मांजराला तीन पाय शोधणं. नियमाने तिथे पातास हवे, पण वाक्प्रचारात प्येस घट्ट बसले आहेत. अर्जेंटिनात मात्र पाचवा पाय शोधतात आणि तो पाताच असतो: 'ला किन्ता पाता'. 'आल प्ये दे ला लेत्रा' म्हणजे शब्दन् शब्द, तंतोतंत. आणि उभं असणं स्पेनमध्ये 'दे प्ये', लॅटिन अमेरिकेत बहुधा 'पारादो'. हाच पारादो स्पेनमध्ये बेरोजगार होतो.

पडताळणी कशी करायची? स्पॅनिश शाही अकादमीची स्थापना १७१३ची; तिचा शब्दकोश आंतरजालावर मोफत आहे आणि त्याची तेविसावी आवृत्ती २०१४मध्ये निघाली. त्यात वाक्प्रचार सहसा त्यातल्या पहिल्या नामाखाली दिलेले असतात. म्हणून 'तोमार एल पेलो' शोधायला 'पेलो' उघडायचं, 'तोमार' नाही. 'एस्तिरार ला पाता' पाताखाली. नोंदीच्या सुरुवातीची संक्षिप्त खूण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका: बोलीतला, असभ्य, फक्त स्पेनमधला, फक्त मेक्सिकोतला, हे तिथे लिहिलेलं असतं आणि वरच्या जवळजवळ सगळ्या चुका ती खूण न वाचल्याने होतात. लॅटिन अमेरिकेतल्या अर्थांसाठी २०१०चा अमेरिकी शब्दांचा वेगळा कोश आहे; पाता म्हणजे पेरूमध्ये जिवलग मित्र, अशा गोष्टी तिथे सापडतात. त्यानंतर अकादमीच्या एकविसाव्या शतकाच्या मजकूरसंग्रहात, ज्यात ३० टक्के मजकूर स्पेनचा आणि ७० टक्के अमेरिका खंडाचा ठेवला आहे, पूर्ण वाक्प्रचार टाकून तो कोणत्या देशात आणि कोणत्या प्रकारच्या लेखनात येतो ते बघा. वाक्प्रचार नुसता भाषांतरित लेखनातच दिसला आणि मूळ स्पॅनिश लेखनात कुठेच नसला, तर तो इंग्रजीचा पाय आहे. तो काढून टाकावा.